सॅटचे कूळ

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाने भरती होणाऱ्या जवानांची बुद्धी मोजायचे काम अंगावर घेतले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १७ लाख जणांनी या चाचण्या दिल्या. लिहितावाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. आल्फामधला एक प्रश्न पाहण्यासारखा आहे. क्रिस्को म्हणजे काय? पेटंट औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे १९११ मध्ये अमेरिकी बाजारात आलेले वनस्पती तूप. ज्याच्या घरी ते वापरात होते त्याला उत्तर चटकन येई. सिसिलीहून नुकत्याच आलेल्या मजुराने ते नावही ऐकलेले नसे. तपासली जात होती ती अमेरिकेशी असलेली ओळख, आणि निकाल लागत होता तो बुद्धीचा.

हीच आकडेवारी प्रिन्स्टनचे प्राध्यापक कार्ल ब्रिगहॅम यांनी उचलली आणि १९२३ साली पुस्तक लिहिले. उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ. दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक व कृष्णवर्णीय कनिष्ठ, असा त्याचा निष्कर्ष. अडचण एकच होती. अमेरिकेत जास्त वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण नव्याने आलेल्यांपेक्षा चांगले होते. भाषा आणि सहवास यांचा हा परिणाम, हे कुणालाही सुचले असते. ब्रिगहॅम यांनी मात्र उलटा अर्थ लावला: अलीकडे येणारी माणसेच कमी प्रतीची आहेत! याच ब्रिगहॅम यांच्या देखरेखीखाली तयार झालेली सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा २३ जून १९२६ रोजी पहिल्यांदा घेतली गेली आणि ८,०४० मुलामुलींनी ती दिली. चारच वर्षांनी, १९३० मध्ये, ब्रिगहॅम यांनी आपला वंशविषयक सिद्धान्त निराधार असल्याचे स्वतः छापून जाहीर केले. पण तोवर परीक्षा रुजली होती.

परीक्षेविरुद्धचा खटला बहुतेकदा इथेच संपवतात: जन्मच असा, म्हणून परीक्षा अन्यायाची. मला हा निवाडा अपुरा वाटतो. एखादी परीक्षा न्याय्य आहे की नाही, हे ती कुणी काढली यापेक्षा ती कशाच्या जागी आली आणि ती काढून टाकल्यावर तिथे काय येते, यावर ठरते. सॅटच्या आधीच्या प्रवेशपरीक्षा निबंधवजा असत आणि पूर्व किनाऱ्यावरच्या महागड्या खासगी शाळा मुलांना नेमक्या त्यांच्यासाठी घडवत. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव उघडपणे मांडला. तो बारगळला. मग सॅट निघाली त्याच वर्षी, १९२६ मध्ये, तेच काम अर्जावरचा फोटो, मुलाखत आणि ‘चारित्र्य’ यांच्याकरवी साधायची सोय झाली. आज ‘संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहून प्रवेश’ म्हणून जी पद्धत मिरवली जाते, तिचेही कूळ हेच. कूळच काढायचे तर दोघांचे काढावे लागेल.

हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९३४ पासून सॅट वेगळ्याच कामाला लावली. पूर्वेच्या नामांकित शाळांबाहेरची, मध्यपश्चिमेतल्या साध्या सरकारी शाळांतली हुशार मुले शिष्यवृत्तीसाठी हुडकायची होती. पुढे तंत्राचीही साथ मिळाली. रेनल्ड जॉन्सन या शाळामास्तराच्या डोक्यातून आलेले आयबीएमचे गुण मोजणारे यंत्र १९३० च्या दशकाच्या शेवटी तयार झाले. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते. यंत्र तो प्रवाह मोजून बरोबर उत्तरे किती ते सांगे. लाखो मुलांना एकच परीक्षा स्वस्तात देता येऊ लागली ती यामुळे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. श्रीमंतांच्या मुलांना गुण जास्त पडतात, आणि ब्रुकलिनमध्ये स्टॅनली कॅप्लन यांनी सॅटची शिकवणी सुरू केल्यापासून तयारी विकतही मिळते. हे खरेच आहे. पण पैसा फक्त परीक्षेतच मुरतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ६०,००० अर्जांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्जासोबतच्या निबंधांचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध सॅटच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. निबंध कुणाकडून तरी सुधारून घेता येतो, शिफारसपत्राला ओळख लागते. त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने २०२० मध्ये परीक्षा ठेवावी असा कौल दिला होता. नियामक मंडळाने तो डावलून ती बंद केली. उलट डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. गुण कळवणे ऐच्छिक असताना गरीब घरची मुले १४०० च्या आसपासचे गुण कमी समजून झाकून ठेवत होती, आणि त्यांच्या शाळेची परिस्थिती पाहता तेच गुण प्रवेशाला उपयोगी पडले असते.

तरीही कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या सरासरी गुणांतली दरी उरतेच, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. वर्गातले शिक्षक, पुस्तके, घरची स्थिरता यांतली विषमता त्या आकड्यात उतरते. म्हणून गुण शाळेच्या संदर्भातच वाचायला हवेत, आणि परीक्षेला बसण्यातले अडथळे काढायला हवेत. मिशिगन राज्याने २००७ पासून एसीटी ही तशीच दुसरी परीक्षा सगळ्या सरकारी शाळांत, शाळेच्याच दिवशी, फुकट घ्यायला सुरुवात केली. आधी स्वतःहून बसून कॉलेजपात्र गुण मिळवणाऱ्या दर १,००० गरीब विद्यार्थ्यांमागे आणखी सुमारे ४८० तितकेच लायक विद्यार्थी सापडले. आजवर ते परीक्षेला बसलेच नव्हते. इतके सापडूनही कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या मात्र किंचितच वाढली, कारण फीचे पैसे आणि मार्ग दाखवणारे माणूस या दोन्ही गोष्टी कोणत्याही गुणपत्रकासोबत मिळत नाहीत.