नंदा, सरदारीलाल मथरादास

(१० ऑक्टोबर १९१५ – ११ मे २००९). भारताचे माजी नौदलप्रमुख, मुंबईच्या माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक आणि निवृत्तीनंतर शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष. बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा येथे गेले. काही काळ कराची पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते राखीव नौसेनेत दाखल झाले. ब्रिटनकडून घेतलेली ‘म्हैसूर’ क्रूझर १९५७ मध्ये त्यांच्याच कप्तानीखाली ताफ्यात आली.

माझगाव डॉक केंद्र सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली. तिची सूत्रे पुढे थोड्याच वर्षांत नंदांकडे आली. आतापर्यंत जहाजांची दुरुस्ती हेच तिचे मुख्य काम. आता लिअँडर वर्गाच्या फ्रिगेट बांधायचे ठरले. त्यांतली पहिली, ‘निलगिरी’, ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली, तेव्हा नंदा नौदलप्रमुख होते.

नौदलप्रमुखपदाचा काळ : १ मार्च १९७० ते २८ फेब्रुवारी १९७३. किनारा राखण्यासाठी सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या क्षेपणास्त्र नौका १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात थेट शत्रूच्या बंदरावर धाडण्याची योजना याच काळातली. पल्ला कमी असल्याने त्यांना ओढून नेण्याची तयारी करावी लागली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. ८ डिसेंबरला ‘विनाश’ने दुसरा हल्ला केला, त्यात परदेशी व्यापारी जहाजेही सापडली. कराचीतील तेलटाक्यांच्या आगीचे श्रेय हवाई दलाचे की नौदलाचे, याबाबत एकमत नाही. ९ डिसेंबरला ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडाली; १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले.

१९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

शिपिंग कॉर्पोरेशन २ ऑक्टोबर १९६१ रोजी दोन सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९ जहाजांनिशी उभी राहिली. मुख्यालय मुंबईत. चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव यांनी तिचा विस्तार केला. १९७४ मध्ये ते आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव झाले. त्यांच्यानंतर नंदांनी अध्यक्षपद सांभाळले. तेलाच्या भावांनी जगभरची जहाजवाहतूक हादरली होती, तो हा काळ.

गोदी, युद्धनौका आणि व्यापारी जहाजे या तिन्ही क्षेत्रांत सर्वोच्च जबाबदारी सांभाळलेले भारतीय अधिकारी थोडेच. नंदांची ओळख मात्र कराचीपुरतीच राहिली. त्यांच्या २००४ मधील आत्मचरित्राचे नावही ‘द मॅन हू बॉम्ब्ड कराची’ असेच आहे. कराचीवरील त्या पहिल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ नौदल दिन ४ डिसेंबरला पाळला जातो.