उंदराचे जनुक आणि माणसाचा बहिरेपणा: गुणसूत्रांच्या नकाशाचा उपयोग

माणसात गुणसूत्रांच्या, म्हणजेच क्रोमोसोमच्या, २३ जोड्या असतात, उंदरात २०. तरीही दोघांची बहुतेक जनुके मिळतीजुळती आहेत, कारण फार पूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता. पुढे कोट्यवधी वर्षांत गुणसूत्रांचे तुकडे होऊन ते वेगळ्या प्रकारे जोडले गेले, पण अनेक तुकड्यांतील जनुकांचा क्रम टिकून राहिला. त्यामुळे उंदरातील जनुकाची जागा कळली, की माणसात ते कुठे शोधायचे याचा अंदाज येतो.

वार्डनबर्ग सिंड्रोम

या आजारात जन्मतः बहिरेपणा, कपाळावरील केसांची पांढरी बट, निळे किंवा दोन वेगळ्या रंगांचे डोळे ही लक्षणे आढळतात. प्रत्येक रुग्णात सगळी असतीलच असे नाही. डच नेत्रतज्ज्ञ वार्डनबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

बाधित कुटुंबांच्या अभ्यासातून दोषाची जागा दुसऱ्या गुणसूत्रावर असल्याचे दिसले. हा भाग उंदराच्या पहिल्या गुणसूत्राच्या एका भागाशी जुळतो. पोटावर पांढरा डाग असलेल्या 'स्प्लॉच' उंदरांमधील दोष नेमका तिथेच होता. १९९१ मध्ये तो पॅक्स-३ जनुकात सापडला आणि १९९२ मध्ये रुग्णांमध्येही याच जनुकातील बदल आढळले. या आजाराच्या काही प्रकारांना मात्र इतर जनुके कारणीभूत असतात.

केसांचा रंग आणि ऐकणे यांचा संबंध काय?

रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात. त्या तिथे पोहोचल्या नाहीत, तर ऐकू येत नाही.

उंदरावरून सगळेच कळते का?

नाही. या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या स्प्लॉच उंदरांना नीट ऐकू येते. माणसात मात्र अनेकांना बहिरेपणा येतो. नकाशा जनुकाची जागा दाखवतो, आजाराची तीव्रता नाही.

पालकांनी काय करावे?

- घरात जन्मतः पांढरी बट असेल तर ती कोड समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.
- पॅक्स-३ मधील बदल आई किंवा वडिलांमध्ये असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. एकाच घरात कुणाला फक्त बट असते, तर कुणाला पूर्ण बहिरेपणा.
- अशा घरातील बाळाची ओएई आणि बेरा तपासणी पहिल्या महिन्यात करा. निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू झाले, तर भाषा शिकण्याची वेळ वाया जात नाही.
- पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्या.