फळा, वह्या आणि मान

मान का दुखते, असे शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहावे. वय झाले, उशी बदलली, ‘मणक्यात गॅप आलाय’ अशी उत्तरे येतात. शिकवण्याच्या कामाचे नाव क्वचितच निघते. दुखणे ठाऊक आहे, पण त्याचा कामाशी असलेला संबंध ठाऊक नाही. शिक्षकांच्या मानदुखीच्या अभ्यासाची सुरुवात इथून होते. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे, विशेषतः स्वतः वर्गावर जाणाऱ्याचे, मनापासून स्वागत.

रोग्याला त्याचा व्यवसायही विचारा, असे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली डॉक्टरांना बजावले. बसून लिहिणाऱ्या कारकुनांचे हालही त्यांनी नोंदवले होते. शिक्षकाकडे मात्र लक्ष जायला फार उशीर झाला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता. मानदुखी नव्हती, आणि शाळा तर त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हती. मुलाचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे २०२० चे धोरण सांगते. वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या बाईंच्या खांद्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

त्यांचा एक तास नीट पाहावा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिताना हनुवटी वर जाते. हात लिहीत असतानाच शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकून मान वळते. मग ठेंगण्या बाकाशी वाकून वही तपासायची. डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते पुढे झुकले की तोलून धरणाऱ्या मागच्या स्नायूंवर ताण कित्येक पटींनी वाढतो. स्नायू बराच वेळ आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो, आणि संध्याकाळी खांद्यापर्यंत ठणका लागतो. एक्स-रेत दिसणारी झीज हेच कारण असेल असेही नाही. काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या मणक्यांतही ती असते. हातात बधिरपणा, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे असे काही असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठावा.

अशा अभ्यासासाठी चेन्नई ही चांगली जागा आहे. गिंडीतल्या तमिळनाडू डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाशी संलग्न अनेक फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत आणि शाळा त्यांच्या दाराशी आहेत. १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली हाताशी असतेच: शरीराच्या चित्रावर नऊ भाग, त्यांत पहिली मान, आणि गेल्या बारा महिन्यांत व गेल्या सात दिवसांत त्रास झाला का, हे प्रश्न.

पण दुखण्याचा कामाशी असलेला संबंध शिक्षकांना किती ठाऊक आहे, एवढेच मोजून थांबणे मला अपुरे वाटते. सगळे कळूनही टेबल ठेंगणेच राहिले, तर बाई काय करणार? तमिळनाडूत बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला शिक्षक ठरलेल्या केंद्रांवर जमतात. तिथे त्यांना कोणत्या उंचीच्या बाकावर बसवतात आणि किती वेळाने उठू देतात, हे प्रश्न अशा अभ्यासात केंद्रप्रमुखांनाही विचारायला हवेत.