बैलाच्या आडून

तित्तर सहसा आधी उडत नाही, आधी धावतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडच्या माळावर किंवा तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर माणसाची चाहूल लागली, की राखी तित्तरांचा थवा झुडपांच्या बुडाबुडाने पळत सुटतो. माणूस फारच जवळ आला, तर मग फडफडाट करत उठतो. फासेपारध्याची निम्मी विद्या पाखराच्या या एका सवयीवर उभी होती. थव्याला पायी चालत ठेवायचं, उडू द्यायचं नाही, आणि तरी हव्या त्या दिशेला न्यायचं. त्यासाठी तो गाय किंवा बैल पुढे घालून निघे.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. त्यात पारध्यांच्या शाखा धंद्यावरून नोंदवल्या आहेत: फाशांनी शिकार करणारे फासेपारधी, पाळलेला चित्ता बाळगणारे चितेवाले, जात्याला टाकी लावणारे टाकणकर, मगरीचं तेल विकणारे तेलवाले. आणि याच यादीत आहेत गायके, म्हणजे बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे.

या शिकारीसाठी जनावर लहानपणापासून शिकवावं लागे. आर्वी-कारंजा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. चरणाऱ्या गुरांची पाठ इथल्या रानपाखरांना रोजचीच, तिचं भय त्यांना नाही. पारधी बैलाच्या खांद्याआड वाकून चाले, त्याच्या पायांच्या लयीत आपले पाय टाकी, दोरीच्या हलक्या ओढीने त्याला वळवी. सरळ रेघेत मात्र कधी जायचं नाही. चरणारं गुरू सरळ चालत नसतं. ते दोन पावलं टाकतं, थांबतं, मान खाली घालतं, बाजूला वळतं. बैल थांबला की माणूसही थांबे. पलीकडे झुडपांच्या फटीत बारीक खुंट्यांवर फाशांची ओळ आधीच लावून ठेवलेली असे. पाखरांसाठी घोड्याच्या केसांचे फासे लागत, हरणासाठी त्याहून दणकट. थवा गुरापासून जरा बाजूला सरकायचा म्हणून चालू लागे आणि आपल्याच पायांनी फाशात जाई.

दुसरी रीत बसून करायची. पाळलेला नर तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती फासे रोवायचे. पहाटे तो ओरडू लागला, की त्या जागेवर हक्क सांगणारा रानातला नर भांडायला धावून येई. पारधी जवळच्याच झुडपात दबून बसलेला असे. खोकायचं नाही, अंगावरची माशी हाकलायची नाही, बसल्या जागी कूस बदलायची नाही. इथे बैलाचा आडोसा नव्हता. सगळा भार माणसाच्या स्थिर बसण्यावर होता.

अमेरिकेत रानटर्कीची शिकार जवळजवळ अशीच होते. शिकारी झाडाच्या खोडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराची वाट पाहतो. डोक्यापासून पायापर्यंत पानाफांद्यांच्या रंगाचे कपडे, तोंडावरसुद्धा जाळी. टर्की, मोर, रानकोंबडा आणि तित्तर ही एकाच कुळातली पाखरं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान फारशी न वळवता त्यांना बहुतेक सगळीकडचं दिसतं. रंग ती छान ओळखतात आणि बारीकशी हालचालही लगेच टिपतात. तिकडच्या शिकाऱ्याने झाडीचं रूप घेतलं, इकडच्या पारध्याने गुराचं. माळावर लपायला झाडी नसताना काढलेली ही युक्ती अधिक अवघड आणि अधिक देखणी म्हणावी लागेल. हलतं, जिवंत जनावर आपल्या लपण्यात सामील करून घेणं सोपं नव्हे.

या विद्येला मर्यादाही होत्या. कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्यामागे जात. वैदूंचा भर लहान मांसभक्षक प्राण्यांवर आणि पाण्यातल्या जिवांवर. फासेपारध्यांच्या वाट्याला काळवीट आणि रानपाखरं. एकाच मुलखात फिरताना तिघांनी सावजं अशी वाटून घेतली होती. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, हा पारध्यांचा जुना रिवाज. फाशाने हे साधतं, कारण त्यात सावज जिवंत राहतं. बंदुकीने साधत नाही.

पण बंदुकीला परवाना मिळाला आणि फाशाला संशय. साहेबांची शिकार हाकारे लावून, ढोल बडवून चाले. तिची पुस्तकं निघाली, छायाचित्रं भिंतींवर लागली. पावलांचा आवाज न करता वावराच्या कडेने चालणारा माणूस मात्र पोलिसांना चोर दिसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये देशभर लागू करता येईल असा झाला. पारध्यांच्या कितीतरी तांड्यांवर तो शिक्का बसला, पोलीस पाटलाकडे हजेरी आली, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांमागे वसाहती उभ्या राहिल्या. पोट भरण्यासाठी ज्या गुणांची गरज, नेमके तेच गुण गुन्ह्याची खूण ठरावेत, हा त्या काळातला फार मोठा अन्याय होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. त्याच साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘चिता पारधी’ हे नाव मात्र आजही आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. पाखरं वाचायला हे हवंच होतं. पण फासे हातातून काढून घेताना दुसरं काही हातात दिलं गेलं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, त्यानंतरची पिढी मजुरीकडे वळली, काही घरं गावठी दारूकडे, आणि पोलिसांची गाडी पुन्हा दारात येऊ लागली.

शेजारच्या अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेने पारधी गावकऱ्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचं काम केलं आहे. पावसाळ्यात गवतावर उड्या मारणारा दुर्मीळ तणमोर नेमका कुठे नाचतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनीही आपल्या लेखनात पारध्यांकडून मिळालेल्या रानविद्येचं ऋण मोकळेपणाने मानलं. वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या पाखरांच्या मोजणीत, वाटाड्यांत आणि राखणदारांत बेड्यावरची माणसं पगारावर घ्यायला हवीत. तित्तराच्या ओरडण्यावरून नर किती आणि कोणत्या धुऱ्यावर, हे सांगणारे म्हातारे थकत चालले आहेत. त्यांच्याबरोबर पोरांना माळावर पाठवायचं असेल, तर ते याच काही वर्षांत.