उणे साठ टक्क्यांवरचा मोक्षपट

खाली उतर. चपला काढू नकोस. गाळ वरून वाळलेला दिसतो, पण भेगांच्या कडा पायाला कापतात. 2024 चा जून लागलाय, मृग अजून बरसायचाय आणि उजनी उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली आहे. काठावर कुणी ‘उणे’ म्हणत नाही. ‘धरण मायनसला गेलं’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. बाहेरून आलेल्याला हे गणित उलगडत नाही. 117 टीएमसीच्या या धरणात 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा धरलेला आहे. शून्य टक्के म्हणजे तेवढं पाणी अजून शिल्लक. त्यानंतर सोलापूरचं पिण्याचं पाणी काय आणि करमाळ्याचा ऊस काय, सगळं मृतसाठ्यावर चालतं. शेतकरी मोटारी आणि पाइप घेऊन पाण्यामागं सरकत राहतात.

इथं मागच्या काळात जायला यंत्र लागत नाही. पाणी जितकं खाली जाईल तितकं जुनं काहीतरी वर येतं. पलीकडं इंदापूरच्या बाजूला पळसदेवला पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ उघडं पडलं की लोक गाड्या काढून बघायला जातात. तुला तिकडं जायचं नाही. तू करमाळ्याच्या बाजूची आहेस आणि तुझं गाव इथंच, समोरच्या चिखलात आहे. बोटीनं जवळ पडलं असतं. पण 21 मेच्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून बोटीत पाय टाकताना माणसं पाण्याकडं आधी बघतात, मग आभाळाकडं.

तुझ्या पर्समधल्या फोनवर भाचीनं एक गेम टाकून दिलाय, ‘स्पिरिटफेअरर’. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस या कंपनीनं तो 2020 मध्ये काढला. ग्रीकांच्या पुराणात मेलेल्यांना नदीपार नेणारा कॅरन नावाचा नावाडी आहे. गेममध्ये तो निवृत्त होतो आणि त्याची नाव स्टेला नावाच्या मुलीच्या हाती येते. सोबत तिचं मांजर. मेलेली माणसं एकेक करून नावेवर येतात. स्टेलानं त्यांना नावेवरच घर बांधून द्यायचं, त्यांच्या आवडीचं रांधायचं, त्यांचं राहून गेलेलं ऐकायचं. जवळ घेण्यासाठी तर चक्क एक बटण आहे. तयारी झाली की एका दारापर्यंत सोडून यायचं. ना वैतरणी, ना गायीचं शेपूट, ना यमाचा हिशेब. मारामारी नाही, हरणं नाही. तू हडपसरच्या फ्लॅटमध्ये रात्र रात्र जागून हा गेम खेळलीस. मग कळलं की शेवटी स्टेलाला स्वतःलाच त्या दारातून जायचं असतं. तिथं तू फोन बंद केलास. परक्यांना निरोप देणं तुला जमत होतं.

चल पुढं. ही जोती दिसतात ती आपल्या आळीची. इथं आत्ता थांबायचं नाही, परत येताना थांबू. फुटकं जातं ओलांड, उखळ ओलांड आणि नदीच्या मूळ पात्राकडं उतर. आता कोरडी भेग संपून माती ओली लागते. डिझेल पंपाची धडधड मागं पडली आहे. वास बदललाय, करडईच्या तेलाच्या दिव्याचा आहे.

पेशवाई उतरणीला लागली आहे. नदीकाठच्या एका वाड्याच्या ओसरीवर एकादशीचं जागरण चाललंय. भगर खाऊन झाली आहे, भजनंही झाली आहेत. रात्र अजून पुष्कळ उरली आहे, म्हणून कुणीतरी पट पसरलाय. रेघांनी आखलेली घरं, घराघरात नावं, मधून गेलेले साप आणि शिड्या. तू ‘सापशिडी’ म्हणशील, इथं त्याला मोक्षपट म्हणतात. परंपरा हा पट ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. याकोब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकानं पश्चिम भारतातल्या अठराव्या आणि विसाव्या शतकातल्या या खेळावर 2019 मध्ये कोपनहेगन विद्यापीठात अख्खा प्रबंध लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडला गेला, तिथं पोरांचा झाला आणि घराघरातला परलोक हळूहळू पुसला गेला. राहिले नुसते आकडे. मला विचारशील तर तो व्यवहार तोट्याचा होता.

कारण या ओसरीवर काय चाललंय ते बघ. खालच्या घरात जन्म, वर मोक्ष. कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढी घरं सोंगटी सरकवायची. शिडी मिळाली तर दया, सत्संग, भक्ती असं काहीतरी वर नेतं. साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मत्सर. आणि यातली मौज अशी की पाप घडतं कवड्यांच्या हातून. खेळणाऱ्याला त्यात काहीही निवडायला नसतं. नीतीच्या धड्यासाठी हा पट फारच गैरसोयीचा आहे. शिकवणाऱ्यांना ते कधी खटकलं की नाही देव जाणे.

कोपऱ्यात लाल आलवणातली बाई बसली आहे. केस काढलेले, वय तुझ्याहून कमी. नवरा गेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापानं, असं तिला सकाळपासून रात्रीपर्यंत घर ऐकवतं. शुभकार्यात पुढं यायचं नाही, सकाळी कुणाच्या समोर यायचं नाही. आत्ता तिची सोंगटी पार वरच्या ओळीत आहे. ती कवड्या टाकते. चार उताण्या. साप. शेजारची पोर मोठ्यानं घराचं नाव वाचते, “मद!”

क्षणभर कुणी बोलत नाही. मग ही आलवणातली बाई स्वतःच फसकन हसते. “मला गं कसला मद?” ती म्हणते आणि सगळी ओसरी हसायला लागते. सासूसुद्धा. सोंगटी खाली सरकते, तळाच्या ओळीत. पुढचा डाव सासूचा. तिला लोभ गिळतो, तेव्हा हसू आणखी वाढतं. मग पुन्हा कवड्या आलवणातल्या बाईच्या हातात. ती त्या हातात खुळखुळवते, कुणाकडं न बघता. उद्या उजाडताच तिला पुन्हा मागच्या दारानं ये-जा करायची आहे, हे तिला माहीत आहे. एका पटानं काही बदलत नाही. तरी या घटकेला पाप सगळ्यांना पाळीपाळीनं मिळतंय आणि तिच्या वाट्याला आलेलं तिनं चारचौघांत हसून घेतलंय.

तुला उठवत नाही इथून. पण ऊठ.

आता वर चढायचं. वाटेत एकोणिसावं शतक पटकन ओलांड. डिकसळला भीमेवर पूल झालाय, 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आहे. उजनीचं पाणी अडल्यावर हाच रूळमार्ग उचलून दुसरीकडं न्यावा लागणार आहे, हे त्या इंजिनाला ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर. ही आपली आळी, अजून छपरं असलेली. म्हणजे कालपर्यंत होती. आज माणसं स्वतःच्या हातानं घरं उसकटतायत. चौकटी काढून बैलगाडीत, तुळया काढून बैलगाडीत, पत्रे वेगळे. मारुती आधीच हलवलाय. जातं जड आहे, ते राहणार. 1980 मध्ये धरण पुरं होईल, त्याआधी पाणी एकेक शिवार चाखत वर येईल. काही गावं एकाची दोन होऊन बसतील. केत्तूर एक आणि केत्तूर दोन अशी नावं तू लहानपणी एसटीच्या पाटीवर वाचली आहेस, तेव्हा त्यात तुला काही वावगं वाटलं नव्हतं.

तो बघ, चौकटीला पहार लावून उभा असलेला विशीतला पोरगा. तुझे वडील, अण्णा. मिशी अजून नीट फुटलेली नाही. घरात लिहिता-वाचता येणारा हा एकटाच, म्हणून मोबदल्याच्या कागदावर सही यानं केली. आजी उंबऱ्यावर बसली आहे, उठत नाही. “तूच सही केलीस,” एवढंच म्हणते, पुन्हा पुन्हा. सही केली नसती तर पाणी थांबलं असतं का? आजीलाही माहीत आहे, नसतं थांबलं. पण सरकार लांब आहे आणि पोरगा समोर आहे.

हे वाक्य अण्णा जन्मभर वागवणार आहेत. दर उन्हाळ्यात धरण मायनसला गेलं की ते या जोत्यावर येऊन उभे राहतील, घरी परतल्यावर दोन दिवस कुणाशी बोलणार नाहीत. तुला आता त्यांना ओरडून सांगावंसं वाटतंय की अण्णा, तुमची चूक नव्हती हो. किती पटकन कळलं तुला! विशीतला पोरगा, गळ्याशी सुरी धरून झालेला व्यवहार, दुसरा मार्ग नाही. त्याला माफ करायला तुला पळभरही वेळ लागला नाही.

मग शेवटच्या मुक्कामाला जायला का पाय अडतोय?

जानेवारी 2023. धरण भरलेलं, पाणी काठाला लागलेलं. लांब उथळात रोहित पक्ष्यांचा थवा आणि त्यांचे फोटो काढायला आलेल्या पुण्याच्या गाड्या. नवा घाट म्हणजे सिमेंटच्या चार पायऱ्या. अण्णांचा दहावा. पिंड मांडलाय आणि कावळा शिवत नाही. कावळे आहेत, बाभळीवर तीन बसलेत, पण खाली उतरत नाहीत. तात्या हात जोडून कबुल्या देतायत. “धाकट्याचं लगीन करू. वाटण्या करणार न्हाय. उसाचं बिल आलं की मारुतीला रंग देतो.” प्रत्येक कबुलीनंतर सगळे बाभळीकडं बघतात. हाही एक खेळच आहे म्हण, मेलेल्याच्या मनातलं ओळखायचा. फक्त यात हसत कुणी नाही.

ती बघ, मागं उभी आहे. डोक्यावरून पदर, डोळ्यांखाली काळं. आता एकेक नजर तिच्याकडं वळते. शेवटच्या रात्री दवाखान्यात ती नव्हती, पुण्याहून निघालेली गाडी पोचायच्या आत सगळं झालं होतं. आईचा जीव घुटमळतो तसा बापाचा लेकीत अडकला, असं आत्या कुजबुजते. तिला ते ऐकू जातं. “माझं चुकलं,” ती तोंडातल्या तोंडात म्हणते. तेव्हापासून आजपर्यंत ती हेच म्हणत आली आहे, हडपसरच्या फ्लॅटमध्ये, रात्री दोन वाजता, फोनच्या उजेडात.

आत्ता ती तुला बाहेरून दिसते आहे, अण्णा दिसले तशीच. तिच्या जागी भाची असती तर तू काय केलं असतंस? पाटी बाजूला सारून जागा केली असतीस, कपभर चहा दिला असतास, आत्याला गप्प केलं असतंस. मग जा ना. तुझी सावली पडत नाही, पण डाव एकदा मिळालाय. तिच्या कानाशी जा आणि सांग.

ती पुढं येते. तात्या बाजूला होतात, त्यांना वाटतं ही आता काहीतरी मोठं कबूल करणार, रानातला हिस्सा सोडणार बहुतेक.

“अण्णा,” ती मोठ्यानं म्हणते, “मी आज रात्री झोपणार आहे. उद्या पण. आणि त्या रात्री मी वाटेत होते, घरी बसले नव्हते. एवढंच.”

तात्या चिडतात. “हे असलं कुठं कबूल करत्यात व्हय?”

बाभळीवरचा एक कावळा जागा बदलतो, उतरत मात्र नाही. गुरुजी घड्याळ बघतात. अकराला त्यांना पुढच्या गावात दुसरा दहावा आहे.

“करतात की,” ते म्हणतात आणि दर्भाचा कावळा वळायला घेतात. “तात्या, तुम्ही जरा सरका. ताई, तुम्ही इकडं या, सावलीला बसा. सकाळपासून काही खाल्लंय का?”