आजारपणाच्या रजेचा लेखा : नरखेड तालुक्यातील सेवापुस्तक ते संगणक

नरखेड तालुक्यातील एखाद्या लिपिकाच्या, शिक्षकाच्या किंवा आरोग्यसेविकेच्या खात्यावर आजारपणासाठी किती दिवसांची रजा शिल्लक आहे, हे आज संगणकाच्या पडद्यावर पाहता येऊ लागले असले, तरी त्या आकड्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा कागदी इतिहास आहे. हा तालुका पूर्वी काटोल तहसिलीचा भाग होता आणि काटोल तहसील मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होती; त्यामुळे मुंबई इलाख्यातील कचेऱ्यांपेक्षा येथील सेवानियमांची वाट आरंभापासूनच वेगळी राहिली. 1 जानेवारी 1922 रोजी अमलात आलेल्या मूलभूत नियमांनुसार येथील सरकारी नोकराला सरासरी वेतनावरील आणि अर्धसरासरी वेतनावरील अशी दोन प्रकारची रजा मिळे, व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास पहिल्या प्रकारची मर्यादा वाढत असे. आजाराला नियमात स्थान होते, ते असे प्रमाणपत्राच्या आधाराने.

राज्यकर्ते व राज्याच्या सीमा बदलल्या, तसा रजेचा हिशेबही एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेला. 1948 च्या स्थानिक शासन अधिनियमाने मध्यप्रांतात तहसिलीगणिक जनपद सभा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, आल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या नोकरवर्गाला एका सूत्रात बांधण्यासाठी 1959 चे मुंबई नागरी सेवा नियम झाले. आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात येऊन जनपद सभांचा कारभार संपला. ज्या शिक्षकाने जनपद सभेच्या शाळेत नोकरी धरली आणि जिल्हा परिषदेतून निवृत्ती घेतली, त्याच्या सेवेचा धागा या सर्व स्थित्यंतरांतून अखंड ठेवण्याचे काम एकाच वस्तूने केले, ती म्हणजे सेवापुस्तक.

सेवापुस्तक म्हणजे नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतच्या प्रत्येक वेतनवाढीची, बदलीची व रजेची नोंद असलेले, कार्यालयाच्या ताब्यात राहणारे पुस्तक. त्यात रजेच्या जमाखर्चाचा जो तक्ता असतो त्याला रजा लेखा म्हणतात. 15 ऑगस्ट 1981 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांनी या तक्त्याला आजचे रूप दिले. अर्जित रजा, म्हणजे सेवा बजावून कमावलेली पूर्ण पगाराची रजा, 1 जानेवारी व 1 जुलै रोजी प्रत्येकी 15 दिवस आगाऊ जमा होते. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस मिळते. कर्मचारी ज्याला सरसकट ‘मेडिकल’ म्हणतात, ती बहुधा या दुसऱ्या रकान्यातून निघते आणि तिला परिवर्तित रजा असे नाव आहे. एखाद्या लिपिकाला विषमज्वर होऊन तो 14 दिवस घरी राहिला, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून त्याने अर्ज केला आणि रुजू होताना प्रकृती ठीक असल्याचा ‘फिटनेस’ दाखल केला, तर पगार पूर्ण मिळतो. मात्र अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट, म्हणजे 28 दिवस, वजा होतात. ही दुपटीची वजाबाकी एकदा राहून गेली की पुढची प्रत्येक शिल्लक चुकत जाते, आणि ती चूक अनेकदा उघड होते ती निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार होताना. खात्यावर काहीच नसेल तर ‘अनर्जित रजा’ मंजूर करून भावी जमेतून ती फेडून घेण्याचीही सोय नियमात आहे. किरकोळ रजा मात्र या लेख्यात येत नाही. तिची नोंदवही वेगळी असते.

येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. रजा लेख्यात रजेचा प्रकार, तारखा आणि दिवस लिहिले जातात. रोगाचे नाव लिहिले जात नाही. ते प्रमाणपत्रावर असते व प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नस्तीत राहते. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग व पक्षाघात यांसाठी विशेष रजेची तरतूद असल्याने त्या प्रकरणांत रजेचे नावच रोग सांगते, आणि लहान गावातील कचेरीत त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. प्रमाणपत्राची छायाप्रत संगणकावर चढवली जाते तेव्हा ती कोणाकोणाला उघडता येते, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक नसून माणुसकीचा आहे.

राज्यात 2010 च्या सुमारास ‘सेवार्थ’ या प्रणालीतून वेतनदेयके निघू लागली आणि 2012 च्या शासन निर्णयानंतर शिक्षकांसाठी ‘शालार्थ’ आली. या प्रणालींचा पहिला हेतू पगार बिनचूक काढणे हा होता. रजेचा तपशील त्यांत मागाहून व तुकड्यातुकड्यांनी आला, आणि सेवापुस्तक त्यामुळे बाजूला पडले नाही. संगणक दुपटीची वजाबाकी विसरत नाही, सहामाहीची जमा चुकवत नाही, हे त्याचे खरे बळ आहे. परंतु ज्या दिवशी खाते प्रथम उघडले जाते, त्या दिवशीची आरंभीची शिल्लक आस्थापना लिपिक जुन्या पानावरूनच उतरवतो. पान चुकले असेल तर यंत्र ती चूक तितक्याच निष्ठेने पुढे नेते.

कागदाचे धोके या तालुक्याला कोणी शिकवायला नकोत. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले. कपाटातील एकमेव प्रतीवर कोणाच्याही तीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा विसंबून असू नये, हे अशा गावी सहज पटते. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याजवळ असावी आणि मूळ पुस्तक दरवर्षी त्याला दाखवून त्यावर स्वाक्षरी घ्यावी, ही जुन्या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची तरतूद होती, आणि तिचीच सर्वांत जास्त हेळसांड झाली. संगणकीय लेख्यातील आरंभीची शिल्लक कायम करण्यापूर्वी ती कर्मचाऱ्याला दाखवून त्याची संमती घेणे प्रत्येक कार्यालयाने बंधनकारक मानावे, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली दुय्यम प्रत आजच काढून तिच्याशी तो आकडा ताडून पाहावा.