तेरेझीन येथील बालकलावर्ग आणि अनुकृतीचा प्रश्न

बालकांच्या कलाशिक्षणाच्या इतिहासात एक वाद पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. थोर चित्रकारांच्या कृती मुलांपुढे ठेवून त्यांना शिकवावे, की त्या कृतींच्या प्रभावापासून त्यांना जपावे, हा तो वाद होय. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शाळांत नमुन्याबरहुकूम रेखाटन करणे हाच चित्रकलेचा धडा मानला जाई. त्याविरुद्धची प्रतिक्रिया व्हिएन्ना येथे स्पष्टपणे उमटली. फ्रान्त्स चिझेक याने १८९७ मध्ये तेथे मुलांसाठी जो कलावर्ग सुरू केला, त्याचे मुख्य तत्त्व असे होते की, मुलाची कला ही स्वयंभू असून प्रौढांच्या आदर्शांनी ती बिघडते. या दोन टोकांमध्ये तिसरा मार्ग संभवतो काय, याचे उत्तर ज्या प्रयोगात सापडते, तो प्रयोग कोणत्याही नामवंत कलाशाळेत झाला नाही. तो १९४२ ते १९४४ या काळात, बोहेमियातील तेरेझीन या बंदिस्त नगरात झाला. थोर चित्रकारांच्या कृतींवरून मुलांकडून करवून घेतलेली कोलाजे हे त्याचे सर्वांत बोलके साधन होय.

या वर्गांच्या शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या १८९८ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मल्या. त्यांच्या शिक्षणक्रमात वरील वादाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या होत्या, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९१५ च्या सुमारास त्यांनी चिझेकपाशी अध्ययन केले. पुढे १९१६ मध्ये योहानेस इटेन याने व्हिएन्ना येथे खाजगी कलाशाळा काढली, तेव्हा त्या तिकडे गेल्या. आणि १९१९ मध्ये इटेन वायमार येथील नव्या बाउहाउस विद्यालयात अध्यापक म्हणून गेला, तेव्हा त्याच्यामागून गेलेल्या विद्यार्थ्यांत त्याही होत्या.

इटेनच्या शिक्षणपद्धतीत जुन्या चित्रकारांच्या कृतींचे पृथक्करण हा एक आवश्यक भाग होता. मात्र त्या कृतीची नक्कल करणे त्यास अभिप्रेत नव्हते. चित्रातील मुख्य रेषांचा ओघ, छायाप्रकाशाचे वाटप, आकृत्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण आणि या सर्वांतून सिद्ध होणारी लय विद्यार्थ्याने शोधून काढावी, अशी त्याची अपेक्षा असे. १९२१ मध्ये वायमार येथून ‘उटोपिया’ या ग्रंथात त्याची अशी पृथक्करणे प्रसिद्ध झाली आणि त्या ग्रंथाच्या अक्षररचनेच्या कामात डिकरबाईंचा प्रत्यक्ष हात होता. त्याच वर्षीच्या एका पत्रात ऑस्कार श्लेमर याने इटेनच्या वर्गातील एक प्रसंग नोंदविला आहे. ग्रूनेवाल्टने रंगविलेल्या शोकाकुल मग्दलेनेचे चित्र दाखविले असता विद्यार्थी तिची रचना उतरवू लागले. तेव्हा, ज्यास खरी संवेदना आहे त्याने प्रथम अश्रूंत विरघळून जावयास हवे होते, अशा आशयाचे शब्द इटेनने संतापाने उच्चारले. पृथक्करण आणि अनुभूती ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हा या प्रसंगाचा इत्यर्थ.

बाउहाउसनंतर डिकरबाईंनी फ्रान्त्स झिंगर याच्या सहकार्याने बर्लिन व व्हिएन्ना येथे गृहरचनेचे काम केले. व्हिएन्नातील गोएतेहोफ वसाहतीतील माँटेसरी बालवाडीची अंतर्रचना त्यांचीच. १९३० नंतरच्या काळात छायाचित्रांचे तुकडे व छापील मजकूर जोडून त्यांनी राजकीय भित्तिपत्रके तयार केली. कोलाज हे माध्यम अशा रीतीने त्यांच्या हाती मुरलेले होते. १९३४ मध्ये अटक होऊन सुटल्यावर त्या प्राग येथे गेल्या. तेथे जर्मनीतून परागंदा झालेल्या कुटुंबांतील मुलांना त्या चित्रकला शिकवू लागल्या. १९३६ मध्ये पाव्हेल ब्रांडाइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७ डिसेंबर १९४२ रोजी या दांपत्यास तेरेझीन येथे पाठविण्यात आले. प्रत्येक व्यक्तीस पन्नास किलो सामान नेण्याची मुभा होती. त्या मर्यादेत बाईंनी कलावर्गास लागणारे साहित्य नेले.

तेरेझीन ही अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली तटबंदीची नगरी. नोव्हेंबर १९४१ पासून नाझी राजवटीने तिचे रूपांतर ज्यू बंदिवानांच्या वस्तीत केले. पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्यांसाठी हा वाटेतील मुक्काम होता. मुलांना मोठ्या घरांतून गटागटाने ठेवीत. त्यांना रीतसर शालेय शिक्षण देण्यास बंदी होती. गायन, हस्तव्यवसाय आणि चित्रकला यांस मात्र आडकाठी नव्हती. या फटीतूनच वर्ग चालले. कागद दुर्मीळ होता. कचेऱ्यांतील निरुपयोगी झालेले छापील तक्ते, वेष्टनाचा कागद, जुन्या कागदांचे कपटे, जे हाती येईल ते वापरण्यात येई. काही कोलाजांत छापील रकाने व जर्मन शब्द आजही तसेच दिसतात. ज्या प्रकारच्या कागदांवर माणसांच्या नोंदी ठेवल्या जात, त्याच प्रकारचा कागद मुलांच्या हाती येऊन भिंत, आकाश किंवा वस्त्राची घडी होई.

‘कोलाज’ हा शब्द फ्रेंच असून त्याच्या मुळाशी ‘चिकटविणे’ एवढाच अर्थ आहे. १९१२ मध्ये पिकासो व ब्राक यांनी चित्रात छापील कागद व मेणकापड चिकटवून या साध्या क्रियेस कलेत स्थान मिळवून दिले. डिकरबाईंनी मात्र हे माध्यम व्हर्मीर, व्हॅन गॉग यांसारख्या चित्रकारांच्या प्रतिकृतींपुढे आणून ठेवले, आणि येथेच त्यांच्या पद्धतीचे मर्म आहे. पेन्सिल हाती असेल तर मूल मूळ चित्राच्या बाह्यरेषेचा पाठलाग करू लागते. डोळा, बोट, झालर असे तपशील उतरविण्यात ते गुंतते व जमले नाही म्हणजे खट्टू होते. कागद फाडून चिकटवावयाचा असेल तर तपशील उतरविणे शक्यच नसते. मग मुलास वेगळे प्रश्न विचारावे लागतात. या चित्रात सर्वांत मोठा आकार कोणता? उजेड कोणत्या बाजूने येतो? गडद तुकडा कोठे ठेवला असता चित्र एका अंगास कलंडत नाही? निळा कागद मिळाला नाही तर त्याचे काम कोणता कागद करील?

ही क्रिया नकलेपेक्षा भाषांतराशी अधिक जवळची आहे. भाषांतरकारास मूळ भाषेतील ध्वनी आपल्या भाषेत आणता येत नाहीत. त्यास शब्दांमधील संबंध ओळखून ते दुसऱ्या सामग्रीत नव्याने उभारावे लागतात. सामग्री जितकी परकी, तितकी ही निवड अधिक जागरूकपणे करावी लागते. कोलाजामुळे थोर कृतीचा धाक नाहीसा झाला आणि तिचे शिक्षण मात्र शिल्लक राहिले. चिझेकची भीती आणि इटेनची अपेक्षा या दोहोंचा मेळ असा घातला गेला. एकाच मूळ चित्रावरून काम करणाऱ्या दोन मुलांची कोलाजे सारखी होऊ शकत नव्हती. कारण कागद निराळा, फाडणारा हात निराळा आणि निर्णयही निराळा.

या वर्गांमागील विचार योगायोगाने घडलेला नव्हता. १९४३ च्या उन्हाळ्यात तेरेझीनमध्ये मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले व त्या सुमारास डिकरबाईंनी बालचित्रकलेवर शिक्षकांपुढे व्याख्यान दिले. सर्व मुलांना चित्रकार बनविणे हा वर्गांचा हेतू नसून त्यांच्यातील सर्जनशक्ती व स्वातंत्र्य जागे ठेवणे, कल्पनाशक्तीस चालना देणे आणि निरीक्षण व निर्णय यांची शक्ती वाढविणे हा आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. मुलांना लवकरात लवकर आपल्यासारखे करण्याची प्रौढांना एवढी घाई का, असाही प्रश्न त्यांनी केला. प्रौढांचे जग कोठे येऊन ठेपले होते, हे ज्यांच्यासमोर हा प्रश्न केला गेला त्यांना सांगावे लागत नव्हते.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या ठिकाणी भूक, रोगराई आणि पुढील रवानगीची भीती हेच नित्याचे जीवन होते, तेथे व्हर्मीरच्या चित्रातील प्रकाशाचा अभ्यास म्हणजे वस्तुस्थितीकडे फिरविलेली पाठ नव्हे काय? या आक्षेपास उत्तर आहे. बंदिवासाचे सार हे की, बंदिवानाच्या निर्णयास तेथे किंमत नसते. कोठे राहावे, काय खावे, केव्हा जावे, हे सर्व दुसरे ठरवितात. कोलाज करणारे मूल मात्र दर क्षणी स्वतः ठरवीत होते. कामावर आपले नाव घालण्याचा पाठही बाईंनी घालून दिला होता. जेथे माणसाची ओळख रवानगीच्या क्रमांकाने होई, तेथे या सहीचा अर्थ उघड आहे.

२८ सप्टेंबर १९४४ रोजी पाव्हेल ब्रांडाइस यांची रवानगी झाली. त्यांच्यामागून जाण्यासाठी डिकरबाईंनी स्वतः नाव दिले. ६ ऑक्टोबरच्या गाडीने त्या गेल्या व ९ ऑक्टोबर १९४४ रोजी बिर्केनाऊ येथे त्यांना ठार मारण्यात आले. पाव्हेल युद्धातून वाचले. जाण्यापूर्वी दोन पेट्यांत भरून ठेवलेली मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे १९४५ मध्ये मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख व्हिली ग्रोग यांनी प्रागच्या ज्यू समाजसंस्थेच्या स्वाधीन केली. आज ती प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. नावे ज्ञात असलेल्या सुमारे ६६० बालचित्रकारांपैकी सुमारे ५५० जणांची हत्या झाली. ही नावे जुळविता आली, याचे एक कारण त्या सह्या होत.

या संग्रहाच्या उत्तरकालीन वाचनाविषयी मात्र सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. १९५९ मध्ये या मुलांची चित्रे व कविता इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि पुढे जगभर पोहोचल्या. तेव्हापासून ही चित्रे मुख्यतः दुःखाची साक्ष म्हणून पाहिली जातात. ती साक्ष आहेच. परंतु केवळ त्याच दृष्टीने पाहिले असता, ज्यांत तटबंदी नाही, रांगा नाहीत, गाडी नाही, अशी थोर चित्रकारांवरून केलेली कोलाजे मूक वाटू लागतात व मागे पडतात. वास्तविक त्या वर्गात काय शिकविले गेले, हे त्यांतूनच सर्वांत स्पष्टपणे कळते. डिकरबाईंची व्हिएन्ना व प्राग येथील विद्यार्थिनी एडिथ क्रामर हिने पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या शास्त्राची जी पायाभरणी केली, तिच्या मुळाशी या अध्यापनाचा वारसा होता. तथापि तेरेझीनचे वर्ग प्रथम शिक्षणाचे वर्ग होते; मुलांना रुग्ण म्हणून तेथे वागविले गेले नाही, ती विद्यार्थी होती.

थोर कलाकृती मुलापुढे ठेवावी की न ठेवावी, हा प्रश्न अशा रीतीने अपुरा ठरतो. ती कोणत्या माध्यमातून आणि कोणता निर्णय मुलाच्या हाती सोपवून ठेवावयाची, हा खरा प्रश्न होय. तेरेझीनच्या कोलाजांनी त्याचे उत्तर रद्दी कागदात दिले आहे, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्यांच्या सह्या आहेत.